जिवंत दगडांचे बेट

एखाद्या अंगठीत किंवा तस्बीहमध्ये तुम्ही लाल मूंगा पाहिला असेल. उर्दूत त्याला 'मरजान' असेही म्हणतात. मराठीत त्यालाच 'पोवळे' किंवा 'प्रवाळ' म्हणतात. हा दगड नव्हे, तो समुद्रातील इवल्याशा प्राण्यांचा सांगाडा आहे. याच प्राण्यांच्या नातलगांनी समुद्रात मोठमोठ्या भिंती बांधल्या आहेत. त्या पाहायला चला, आज आपण अंदमानला जाऊ.

अंदमान म्हटले की आपल्याला सेल्युलर जेल आठवते. ते जेल पोर्ट ब्लेअर शहरात आहे. २०२४ साली या शहराचे नाव श्री विजयपुरम असे ठेवण्यात आले. तेथून सुमारे तीस किलोमीटरवर वांडूर नावाचे गाव आहे. वांडूरजवळची बेटे आणि समुद्र मिळून १९८३ साली महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान तयार झाले. त्यातले एक छोटेसे बेट म्हणजे जॉली बॉय.

सकाळी वांडूरच्या धक्क्यावरून बोट सुटते. त्याआधी परवाना घ्यावा लागतो आणि सामान तपासले जाते, कारण बेटावर प्लॅस्टिकचा कचरा होऊ द्यायचा नसतो. दोन्ही बाजूंना खारफुटीची दाट झाडी असलेली बेटे मागे टाकत बोट पुढे जाते. जॉली बॉयवर कोणी राहत नाही. तेथे धक्काही नाही. म्हणून मोठी बोट दूरच थांबते आणि काचेच्या तळाच्या छोट्या होडीतून प्रवाशांना किनाऱ्यावर नेतात.

आता पाण्यात उतरू या. डोळे आणि नाक झाकणारा काचेचा मुखवटा लावा. वाकड्या नळीचे एक टोक तोंडात धरा. दुसरे टोक पाण्याच्या वर राहते. नाक बंद असते, म्हणून श्वास तोंडानेच घ्यायचा. नळीत पाणी शिरले तर घाबरू नका. जोराने फुंकर मारा, पाणी बाहेर पडेल. या नळीला स्नॉर्केल म्हणतात. अंगात तरंगणारे जॅकेट आणि सोबत मार्गदर्शक मात्र हवाच.

पाण्यात तोंड घातले, की एक वेगळीच दुनिया दिसते! कोठे हरणाच्या शिंगांसारखे प्रवाळ, कोठे मेंदूसारखे वळ्यावळ्यांचे गोळे. पोपटमासा चोचीसारख्या दातांनी खडक खरवडतो. त्याच्या पोटातून बाहेर पडणारा चुरा म्हणजेच पांढरी वाळू! तुम्ही किनाऱ्यावर ज्या वाळूवर चालता, तिच्यात हा चुराही असतो.

हे खडक कसे तयार होतात? प्रवाळाचा एक प्राणी बहुधा काही मिलिमीटरचाच असतो. तो आपल्याभोवती चुन्याची वाटी बांधतो. असे हजारो प्राणी एकमेकांना चिकटून राहतात. जुने मरतात, त्यांच्या सांगाड्यांवर नवे वाढतात. गोळ्यासारखे प्रवाळ वर्षाला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतात. म्हणजे तुमच्या उंचीचा खडक शंभराहून अधिक वर्षांचा असू शकतो. दमलेला माणूस त्यावर क्षणभर उभा राहिला, तरी त्याच्या पायाखाली हे नाजूक जीव चिरडतात. म्हणून येथे एकच नियम लक्षात ठेवा : तरंगा, पाहा, पण पाय ठेवू नका आणि काही तोडू नका.

पाय आपण आवरू शकतो. दुसरे संकट त्याहून मोठे आहे. प्रवाळाच्या शरीरात अतिसूक्ष्म शैवाल राहते. ते उन्हाच्या मदतीने अन्न तयार करते आणि प्रवाळाला देते. प्रवाळाचे रंगही बहुतेक त्याच्यामुळेच असतात. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखादा अंश जरी जास्त तापले आणि तसेच काही आठवडे राहिले, तर हे शैवाल निघून जाते. मग प्रवाळ पांढरे पडतात. पांढरे पडले म्हणजे लगेच मेले असे नाही. पाणी लवकर थंड झाले तर ते सावरतात, नाहीतर उपासमारीने मरतात. अंदमानात १९९८ आणि २०१० साली असे पुष्कळ प्रवाळ पांढरे पडले.

प्रवाळ गेले तर नुकसान कोणाचे? समुद्रातील सुमारे एक चतुर्थांश जातींचे जीव या खडकांच्या आसऱ्याने जगतात. शिवाय हे खडक लाटांचा जोर मोडतात आणि किनारा राखतात. म्हणूनच जॉली बॉय वर्षभर खुले नसते. काही महिने ते बंद ठेवून प्रवाशांना रेडस्किन या दुसऱ्या बेटावर नेतात. तेवढाच या बेटाला विसावा!

अंदमान दूर आहे, पण आपल्या महाराष्ट्रातही मालवणजवळ, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात प्रवाळ आहेत. तेथे १९८७ साली सागरी अभयारण्य झाले. कधी तेथे गेलात, तर पाण्यातल्या 'दगडावर' पाय टेकण्याआधी क्षणभर थांबा. तो दगड जिवंत असेल!

शब्दार्थ
धक्का – बोट लागण्याची जागा
खारफुटी – खाऱ्या पाण्यात वाढणारी झाडे
शैवाल – पाण्यात वाढणारी साधी वनस्पती
विसावा – आराम

स्वाध्याय
१. जॉली बॉय बेटावर छोट्या होडीतून का जावे लागते?
२. प्रवाळ पांढरे का पडतात?
३. 'पाहा, पण पाय ठेवू नका' असे लेखक का म्हणतात? तुमच्या शब्दांत लिहा.