द वन्स अँड फ्यूचर किंग

द वन्स अँड फ्यूचर किंग ही मुंबईत जन्मलेले इंग्लिश लेखक टी. एच. व्हाइट यांची राजा आर्थरच्या दंतकथेवर आधारित अद्भुतरम्य कादंबरी आहे. ती १९५८ मध्ये कॉलिन्स या ब्रिटिश प्रकाशनसंस्थेने एकत्रित स्वरूपात प्रकाशित केली. कादंबरीचे चार भाग असून त्यांपैकी पहिले तीन १९३८ ते १९४० या काळात स्वतंत्र पुस्तके म्हणून प्रसिद्ध झाले होते. मध्ययुगीन कथेला विसाव्या शतकाचे प्रश्न विचारणारी आणि किशोरवयीन वाचकांपासून प्रौढांपर्यंत सर्वांना उद्देशून लिहिलेली ही कादंबरी आर्थर-कथेच्या आधुनिक पुनर्कथनांमध्ये महत्त्वाची मानली जाते. 'बळी तो कान पिळी' हा जगाचा नियम मोडता येईल का, हा तिच्यातील मध्यवर्ती प्रश्न आहे.

शीर्षक

टॉमस मॅलरी यांच्या 'ल मॉर्त दार्थर' या ग्रंथात आर्थरच्या समाधीवरील एका लॅटिन लेखाचा उल्लेख आहे. आर्थर पूर्वी राजा होता आणि पुढेही राजा होईल, असा त्या लेखाचा आशय आहे. कादंबरीचे शीर्षक त्यावरून घेतले आहे. आर्थर मेला नसून देशावर संकट आल्यावर तो परत येईल, ही ब्रिटनमधील जुनी लोकश्रद्धाही त्यातून सूचित होते.

पार्श्वभूमी

आर्थर ही व्यक्ती ऐतिहासिक होती की नाही, याविषयी विद्वानांत एकमत नाही. नवव्या शतकातील 'हिस्टोरिया ब्रिटोनम' या लॅटिन ग्रंथात सॅक्सन आक्रमकांशी लढणारा सेनानी म्हणून त्याचा उल्लेख येतो. जेफ्री ऑफ मॉनमथ यांनी ११३६ च्या सुमारास लिहिलेल्या ब्रिटनच्या राजांच्या इतिहासात तो सम्राटाच्या पदाला पोहोचला. ११५५ मध्ये वास या कवीने त्याच्या दरबारात 'गोलमेज' आणली. या मेजाला अग्रस्थान नसल्यामुळे तिच्याभोवती बसणारे सर्व सरदार समान ठरतात. मराठी वाचकांना ही कल्पना 'गोलमेज परिषद' या शब्दामुळे परिचित आहे. त्याच शतकात क्रेत्यां द त्रॉय या फ्रेंच कवीने लान्सेलॉट आणि राणीची प्रेमकथा तसेच 'ग्रेल' या गूढ पात्राचा शोध ही कथानके रूढ केली. या साऱ्या सामग्रीला मॅलरी यांनी इंग्लिश गद्यात एकसंध रूप दिले. विल्यम कॅक्स्टन यांनी १४८५ मध्ये छापलेला मॅलरी यांचा हा ग्रंथच व्हाइट यांच्या कादंबरीचा मुख्य आधार आहे.

लेखक

टेरेन्स हॅनबरी व्हाइट यांचा जन्म २९ मे १९०६ रोजी मुंबईत झाला. त्यांचे वडील हिंदुस्थानातील पोलीस खात्यात अधिकारी होते, तर आईचे वडील हिंदुस्थानात न्यायाधीश होते. आईवडिलांचे संबंध अत्यंत तणावाचे होते आणि पुढे ते विभक्त झाले. लहानपणीच व्हाइट यांना इंग्लंडमध्ये आजीआजोबांकडे ठेवण्यात आले. चेल्टनम कॉलेज या निवासी शाळेत त्यांचे शिक्षण झाले. केंब्रिजच्या क्वीन्स कॉलेजात शिकत असताना त्यांनी मॅलरी यांच्या ग्रंथावर प्रबंध लिहिला आणि १९२८ मध्ये ते इंग्लिश विषयात प्रथम वर्गात उत्तीर्ण झाले.

१९३२ ते १९३६ या काळात ते बकिंगहॅमशायरमधील स्टो या शाळेत शिक्षक होते. नोकरी सोडल्यावर ते जवळच्याच एका साध्या घरात राहू लागले. तेथे त्यांनी जुन्या पुस्तकांच्या आधारे एक बाज शिकारीसाठी माणसाळवण्याचा प्रयत्न केला. तो अनुभव 'द गोशॉक' (१९५१) या पुस्तकात आला आहे. याच काळात त्यांनी मॅलरी पुन्हा वाचला आणि आर्थरच्या बालपणाची कथा लिहिण्यास घेतली. १७ जानेवारी १९६४ रोजी ग्रीसमधील पिरेयस बंदरात जहाजावर त्यांचे निधन झाले. त्यांचे दफन अथेन्स येथे करण्यात आले. सिल्व्हिया टाउनसेंड वॉर्नर यांनी लिहिलेले त्यांचे चरित्र १९६७ मध्ये प्रसिद्ध झाले.

कथानक

पहिला भाग : द सोर्ड इन द स्टोन

सर एक्टर यांच्या गढीत वाढणाऱ्या एका पोरक्या मुलाला सारे 'वॉर्ट' म्हणतात. या शब्दाचा अर्थ चामखीळ असा आहे. एक्टरचा मुलगा केय हा पुढे सरदार होणार आणि वॉर्ट त्याचा सेवक होणार, हे ठरलेलेच असते. हरवलेल्या शिकारी पक्ष्याच्या शोधात रानात शिरलेल्या वॉर्टला मर्लिन हा जादूगार भेटतो आणि त्याचा गुरू होतो. मर्लिन वॉर्टला निरनिराळ्या प्राण्यांची रूपे देऊन शिकवतो. मासा झालेल्या वॉर्टला खंदकातील पाइक जातीचा हिंस्र मासा सांगतो की जगात बळाखेरीज काहीही खरे नाही. मुंग्यांच्या वारुळात त्याला हुकूमशाहीचे दर्शन घडते, तर स्थलांतर करणाऱ्या कलहंसांना सीमा आणि युद्ध या कल्पनाच ठाऊक नसतात. पुढे लंडनमधील एका स्पर्धेच्या वेळी केय आपली तलवार विसरतो. ती आणायला गेलेला वॉर्ट एका चर्चच्या आवारात ऐरणीतून आणि दगडातून वर आलेली तलवार सहज उपसतो. ती उपसणारा राज्याचा खरा वारस असल्याने तो राजा होतो.

दुसरा भाग : द क्वीन ऑफ एअर अँड डार्कनेस

तरुण आर्थरविरुद्ध सरदार बंड करतात. सरदारांची चिलखते त्यांना सुरक्षित ठेवतात आणि मरतात ते पायदळातील गरीब, हे मर्लिन त्याला दाखवून देतो. बळ नष्ट करता येत नसेल, तर ते न्यायाच्या कामी लावावे, असा विचार आर्थर करतो आणि त्यातून गोलमेजेची कल्पना जन्मते. समांतर कथानकात ऑर्कनी बेटांची राणी मॉर्गॉज आणि तिचे चार उपेक्षित मुलगे येतात. ही राणी आपली सावत्र बहीण आहे हे माहीत नसलेला आर्थर तिच्या मोहात सापडतो. त्यांचा मुलगा मॉर्ड्रेड हाच पुढे राज्याच्या नाशाचे कारण ठरतो.

तिसरा भाग : द इल-मेड नाइट

या भागाचा नायक लान्सेलॉट आहे. परंपरेत देखणा मानला गेलेला हा सरदार व्हाइट यांनी कुरूप रंगवला आहे. आपल्या मनातील क्रौर्याची त्याला भीती वाटते, म्हणूनच तो सौजन्याने वागण्याची धडपड करतो. आर्थरवरील निष्ठा आणि राणी ग्विनिव्हरवरील प्रेम यांच्या ओढाताणीत तो सापडतो. देशात शांतता नांदू लागल्यावर गोलमेजेच्या सरदारांना काम उरत नाही आणि स्पर्धा व मत्सर वाढतात. त्यांना वळण लावण्यासाठी आर्थर ग्रेलचा शोध सुरू करतो, पण त्या शोधात उत्तम माणसेच दुरावतात.

चौथा भाग : द कँडल इन द विंड

बळाला बळाने आवर घालण्याचा प्रयोग फसल्यानंतर आर्थर सर्वांना समान लागू होणारा कायदा आणतो. मॉर्ड्रेड त्याच कायद्याचा शस्त्रासारखा वापर करून राणी आणि लान्सेलॉट यांच्यावर आरोप ठेवतो. स्वतःच्या पत्नीला जिवंत जाळण्याच्या शिक्षेला संमती देण्याची वेळ राजावर येते. लान्सेलॉट तिला सोडवतो. परंतु त्या झटापटीत त्याच्या हातून दोन निःशस्त्र मित्र मारले जातात आणि सूडाचे चक्र सुरू होते. अखेरच्या लढाईच्या आदल्या रात्री वृद्ध आर्थर टॉम नावाच्या लहान हुजऱ्याला लढाईपासून दूर पाठवतो आणि ही कथा जपून इतरांना सांगण्याचे काम त्याच्यावर सोपवतो. हा मुलगा म्हणजेच पुढचा टॉमस मॅलरी, असे लेखकाने सुचवले आहे. कादंबरी लढाईपूर्वीच संपते.

वैशिष्ट्ये आणि आशय

काळाची सरमिसळ हे या कादंबरीचे ठळक वैशिष्ट्य आहे. मर्लिन काळाच्या उलट दिशेने जगतो. त्यामुळे त्याला भविष्य आठवते आणि भूतकाळ अजून घडायचा असतो. त्याच्या मध्ययुगीन झोपडीत 'एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका' असतो आणि तो विसाव्या शतकातील गोष्टींचे दाखले देतो. लोकांना आपला विचार बळजबरीने पटवू पाहणाऱ्या एका ऑस्ट्रियन माणसाचा तो उल्लेख करतो, तेव्हा रोख ॲडॉल्फ हिटलरकडे असतो. शेवटच्या भागातील मॉर्ड्रेडच्या गणवेशधारी अनुयायांतही फॅसिस्ट संघटनांची छाया दिसते. या सरमिसळीमुळे विनोद निर्माण होतो, तसेच ही कथा लेखकाच्या स्वतःच्या काळाची आहे हेही वाचकाच्या लक्षात राहते.

आर्थरचा राज्यकारभार हा तीन टप्प्यांचा प्रयोग म्हणून मांडला आहे. आधी तो बळ न्यायाच्या बाजूने वापरून पाहतो, मग ते धर्मकार्याकडे वळवतो आणि शेवटी कायद्याने बांधतो. प्रत्येक उपाय आधीच्या उपायातील दोष दूर करतो आणि नवा दोष निर्माण करतो. तरीही लेखकाने हा प्रयत्न निरर्थक ठरवलेला नाही. राजा हरला तरी विचार पुढच्या पिढीकडे पोहोचला पाहिजे, हे टॉमच्या प्रसंगातून सूचित होते.

शिक्षण हा दुसरा महत्त्वाचा विषय आहे. वॉर्टचे धडे पुस्तकी नाहीत. दुसऱ्या जीवाच्या देहात राहून जग पाहणे हीच त्याची शाळा आहे. तो राजवंशाचा आहे हे वाचकाला पहिल्या भागाच्या शेवटी उघड होते, पण चांगला राजा तो या शिक्षणामुळे होतो.

लेखन आणि प्रकाशनाचा इतिहास

'द सोर्ड इन द स्टोन' १९३८ मध्ये प्रसिद्ध झाले आणि अमेरिकेतील 'बुक ऑफ द मंथ क्लब'ने त्याची निवड केल्यामुळे व्हाइट यांना आर्थिक स्थैर्य मिळाले. १९३९ च्या आरंभी ते आयर्लंडला गेले आणि युद्धकाळात तेथेच राहिले. युद्धाविषयीचा तिटकारा आणि लढण्याच्या कर्तव्याविषयीची दुविधा त्यांच्या मनात होती. याच काळात 'द विच इन द वुड' (१९३९) आणि 'द इल-मेड नाइट' (१९४०) ही पुस्तके आली. यांपैकी पहिले नंतर मोठ्या प्रमाणावर पुन्हा लिहून दुसरा भाग सिद्ध करण्यात आला. मॉर्गॉजच्या चित्रणात व्हाइट यांच्या आईची छाया असल्याचे चरित्रकारांनी नोंदवले आहे.

१९४१ मध्ये व्हाइट यांनी 'द बुक ऑफ मर्लिन' हा पाचवा भाग लिहिला. त्यात अखेरच्या लढाईपूर्वी मर्लिन वृद्ध आर्थरला पुन्हा प्राण्यांकडे नेतो आणि माणूस युद्ध का करतो याची चर्चा होते. पाचही भाग एकत्र छापावेत अशी लेखकाची इच्छा होती, परंतु कागदटंचाईच्या त्या काळात प्रकाशकाने ती मान्य केली नाही. त्यातील मुंग्या आणि कलहंसांचे प्रसंग व्हाइट यांनी १९५८ च्या आवृत्तीत पहिल्या भागात समाविष्ट केले. मूळ १९३८ च्या पुस्तकातील मॅडम मिम या चेटकिणीचा प्रसंग मात्र एकत्रित आवृत्तीत नाही. त्यामुळे पहिल्या भागाचे दोन भिन्न पाठ उपलब्ध आहेत. मूळ पाठ अधिक खेळकर आहे, तर सुधारित पाठात युद्धविरोधी विचार अधिक स्पष्ट आहे. पाचवा भाग लेखकाच्या निधनानंतर १९७७ मध्ये युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सास प्रेसने प्रकाशित केला.

रूपांतरे आणि गौरव

ॲलन जे लर्नर आणि फ्रेडरिक लो यांचे 'कॅमलॉट' हे संगीत नाटक या कादंबरीवर आधारित आहे. ते डिसेंबर १९६० मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आले. त्यात रिचर्ड बर्टन आणि ज्युली अँड्र्यूज यांच्या प्रमुख भूमिका होत्या. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन एफ. केनेडी यांच्या १९६३ मधील हत्येनंतर त्यांच्या पत्नी जॅकलिन यांनी एका मुलाखतीत या नाटकाचा उल्लेख केला आणि केनेडींच्या कारकिर्दीसाठी 'कॅमलॉट' हे रूपक रूढ झाले. वॉल्ट डिस्नी यांच्या संस्थेने पहिल्या भागावर 'द सोर्ड इन द स्टोन' हा ॲनिमेशनपट डिसेंबर १९६३ मध्ये प्रदर्शित केला. 'द सोर्ड इन द स्टोन' या पुस्तकाला २०१४ मध्ये १९३९ सालासाठीचा पूर्वलक्षी ह्यूगो पुरस्कार देण्यात आला.

प्रभाव

पोरका मुलगा, वृद्ध जादूगार गुरू आणि न ठाऊक असलेला वारसा ही या कादंबरीची मांडणी पुढील किशोरसाहित्यात वारंवार दिसते. वॉर्ट हा आपल्या हॅरी पॉटरचा एका अर्थाने पूर्वज असल्याचे जे. के. रोलिंग यांनी म्हटले आहे.

व्हाइट यांनी आधुनिक काळ मध्ययुगात नेला, तर नंतरच्या अनेक लेखकांनी आर्थरची कथा थेट आधुनिक काळात आणली. सुझन कूपर यांच्या 'द डार्क इज रायझिंग' या पाच पुस्तकांच्या मालिकेत (१९६५–१९७७) विसाव्या शतकातील मुले कॉर्नवॉल आणि वेल्स येथे आर्थर-कथेच्या खुणांचा शोध घेतात. मेग कॅबट यांच्या 'ॲव्हलॉन हाय' (२००५) या कादंबरीत ही पात्रे अमेरिकेतील शाळेत पुन्हा अवतरतात. 'द किड हू वुड बी किंग' (२०१९) या चित्रपटात लंडनमधील एका शाळकरी मुलाला आर्थरची तलवार सापडते. ट्रेसी डिऑन यांच्या 'लेजेंडबॉर्न' (२०२०) या कादंबरीत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात शिकणारी कृष्णवर्णीय किशोरी गोलमेजेच्या वंशजांच्या गुप्त संघटनेत शिरते. गुलामगिरीच्या इतिहासामुळे राजवंशाचा वारसा नेमका कोणाचा, हा प्रश्न तेथे नव्याने उभा राहतो.

प्राचीन कथेतून समकालीन प्रश्नांचा शोध घेण्याची ही पद्धत मराठी साहित्यालाही परकी नाही. वि. स. खांडेकर यांची 'ययाति' (१९५९), शिवाजी सावंत यांची 'मृत्युंजय' (१९६७) आणि इरावती कर्वे यांचा 'युगान्त' (१९६७) हा लेखसंग्रह याच सुमारास प्रकाशित झाले. या मराठी ग्रंथांचा आधार महाभारत असून ते प्रौढ वाचकांसाठी आहेत. व्हाइट यांच्या कादंबरीत मात्र तोच प्रयत्न बालकथेच्या सुरात आरंभ होऊन पुढे शोकांतिकेपर्यंत जातो.