अफवेचा ताळा

प्लेस्टेशन ५ बाजारात येऊन पाच वर्षं उलटली आणि पुढच्या प्लेस्टेशनच्या वावड्यांना ऊत आला. कुणी चिपचं सांकेतिक नाव सांगतं, कुणी मेमरीचा आकडा, तर कुणी थेट महिना आणि किंमत सांगून मोकळं होतं. अशी बातमी कानावर आली की आपण आधी सांगणारा कोण आहे, मागच्या वेळी त्याचं किती खरं निघालं, हे पाहतो. माझ्या मते गेम कन्सोलच्या बाबतीत ही चौकशी नंतर केली तरी चालेल. कन्सोलचे आकडे सुटे नसतात, ते एकमेकांना बांधलेले असतात. वेग वाढवला की उष्णता वाढते, चिप मोठी केली की खर्च वाढतो, मेमरीचा वेग वाढवायचा तर जोडणीची रुंदी किंवा मेमरीची जात बदलावी लागते. त्यामुळे बातमी कुणाच्या तोंडून आली याआधी तिचा ताळा करून पाहता येतो, आणि त्याला शाळेतला गुणाकार पुरतो.

२०१९ च्या अखेरीस घडलेलं एक प्रकरण पाहू. एएमडी या चिप बनवणाऱ्या कंपनीच्या अंतर्गत चाचण्यांचा तपशील बाहेर फुटला. त्यात ‘ओबेरॉन’ नावाच्या एका चिपची नोंद होती आणि ती पुढच्या प्लेस्टेशनची असावी, असं मानलं गेलं: ३६ गणन एककं, वेग २ गिगाहर्ट्झ. आता हिशेब मांडू. एएमडीच्या रचनेत प्रत्येक एककात ६४ छोटे गणक असतात आणि प्रत्येक गणक घड्याळाच्या एका ठोक्यात एक गुणाकार आणि एक बेरीज अशा दोन क्रिया करतो. ३६ गुणिले ६४ गुणिले २ म्हणजे एका ठोक्याला ४,६०८ क्रिया. सेकंदाला २०० कोटी ठोके धरले तर ९.२ लाख कोटी क्रिया होतात, म्हणजेच ९.२ टेराफ्लॉप. हा आकडा प्लेस्टेशनच्या चाहत्यांना मुळीच रुचला नाही, कारण स्पर्धक एक्सबॉक्स १२ टेराफ्लॉपचा असणार अशी हवा होती आणि सोनीचं यंत्र १३ चं असेल, असं सांगणारेही होते. पण त्याच नोंदींत आणखी दोन वेग होते, ८०० आणि ९११ मेगाहर्ट्झ. पहिला मूळ प्लेस्टेशन ४ च्या ग्राफिक्स चिपचा वेग, दुसरा प्लेस्टेशन ४ प्रोचा. जुने गेम नव्या यंत्रावर चालवायचे तर नव्या चिपला जुन्या चिपसारखं वागता आलं पाहिजे, आणि प्रोमध्येही नेमकी ३६ च एककं होती. सगळे धागे जुळत होते. १८ मार्च २०२० रोजी सोनीच्या कन्सोलचे मुख्य रचनाकार मार्क सर्नी यांनी प्लेस्टेशन ५ ची रचना उलगडून सांगितली, तेव्हा एककं ३६ च निघाली. वेग मात्र २.२३ गिगाहर्ट्झपर्यंत चढवलेला होता. ४,६०८ ला २२३ कोटींनी गुणा, १०.२८ टेराफ्लॉप येतात.

या उदाहरणात काय टिकलं आणि काय बदललं, ते मला फार बोलकं वाटतं. एककांची संख्या सिलिकॉनमध्ये कोरलेली असते. ती बदलायची तर चिपचा आराखडाच पुन्हा करावा लागतो, त्यात महिनोन् महिने जातात. घड्याळाचा वेग मात्र वीज आणि थंडाव्याची सोय पाहून शेवटच्या टप्प्यातही वरखाली करता येतो. म्हणजे एकाच फुटलेल्या कागदावरच्या दोन आकड्यांचं वजन सारखं नसतं.

यावर पहिला आक्षेप असा की गुणाकार खोटं बोलणाऱ्यालाही येतो. जुळणारे आकडे रचायला कितीसा वेळ लागतो? हे खरंच आहे. ताळा जुळला म्हणून बातमी खरी ठरत नाही, ताळा चुकला तर मात्र ती बाद करता येते. चाळणीचं काम एवढंच, पण ते काही थोडं नव्हे. शिवाय रचलेल्या बातमीत लोकांना हवंहवंसं वाटेल तेच भरलेलं असतं. खऱ्या कागदांत ८०० आणि ९११ सारखे रूक्ष तपशील सापडतात, ज्यांनी कुणाचीच करमणूक होत नाही.

दुसरा धोका जास्त सूक्ष्म आहे: आकडा खरा असतो, पण मोजमाप वेगळं असतं. प्लेस्टेशन ५ प्रो जाहीर होण्याच्या काही महिने आधी, २०२४ मध्ये, त्याची कागदपत्रं फुटली. त्यात ३३.५ टेराफ्लॉप लिहिलं होतं, म्हणजे जुन्या यंत्राच्या तिपटीहून अधिक. यंत्र आलं तेव्हा सोनीने आकडा दिला १६.७. मधल्या काळात चिप अर्धी झाली नव्हती. एका ठोक्यात दोन आज्ञा जोडीने सोडण्याची नवी सोय धरली तर आकडा दुप्पट दिसतो, न धरली तर १६.७ राहतो. त्याच कागदांतला दुसरा आकडा मात्र तेव्हाच सत्य सांगत होता: चित्र उभं करण्याचा वेग सुमारे ४५ टक्क्यांनी वाढेल. सोनीनेही पुढे ४५ टक्केच सांगितले. इथेही ताळा उपयोगी पडतो. मेमरीचा वेग सेकंदाला ४४८ गिगाबाइटवरून ५७६ वर, म्हणजे जेमतेम २८ टक्क्यांनी वाढला होता. गणकांना माल पुरवणारा रस्ता एवढाच रुंदावला असेल, तर प्रत्यक्ष काम तिप्पट होईल अशी अपेक्षा धरायला जागाच नव्हती.

कंपन्या ऐनवेळी मन बदलतात, मग हिशेबाला काय अर्थ, असंही कुणी म्हणेल. प्लेस्टेशन ४ हे त्याचं सगळ्यात ठळक उदाहरण. २०१३ च्या जानेवारीत फुटलेल्या माहितीत ४ गिगाबाइट मेमरी होती; २० फेब्रुवारीला सोनीने ८ जाहीर केली आणि गेम बनवणारेही चकित झाले. पण बारकाईने पाहिलं तर मेमरीचा वेग फुटलेल्या माहितीत होता तोच राहिला, सेकंदाला १७६ गिगाबाइट. जोडणीची रुंदी चिपच्या कडेला कोरलेली असते. क्षमता किती ठेवायची, हे बोर्डावर डाखल्या जाणाऱ्या मेमरी-चिपांवर ठरतं. मन बदलायला जिथे वाव होता तिथेच ते बदललं.

निन्टेन्डोची गोष्ट थोडी निराळी. २०२१ मध्ये नव्या स्विचबद्दल बातमी आली: सात इंची ओएलईडी पडदा आणि टीव्हीला जोडल्यावर ४के चित्र. ऑक्टोबरमध्ये यंत्र आलं, त्यात पडदा होता, ४के नव्हतं, आतली चिपही जुनीच. पडदा दुसऱ्या कंपनीच्या कारखान्यात बनतो, त्याची मागणी नोंदवली की ती अनेकांच्या नजरेस पडते. ४के देणारी नवी चिप अखेर ५ जून २०२५ रोजी स्विच २ मधून आली. दोन वेगळ्या यंत्रांची माहिती एका बातमीत शिवली गेली असावी.

आता पुढच्या प्लेस्टेशनकडे वळू. पूर्वी चिप बनवण्याचं तंत्र सुधारलं की तेवढीच चिप स्वस्त व्हायची, आणि कन्सोलही. अमेरिकेत २९९ डॉलरला आलेलं प्लेस्टेशन २ अखेर ९९ ला मिळू लागलं. ४९९ डॉलरचं प्लेस्टेशन ५ मात्र २०२५ च्या ऑगस्टमध्ये तिथे ५४९.९९ वर गेलं. आयातकर आणि महागाई ही कारणं आहेतच, पण मुळाशी सिलिकॉन आहे. टीएसएमसीच्या ३ नॅनोमीटर तंत्राच्या एका मुख्य आवृत्तीत चिपवरच्या जलद मेमरीची पेशी ५ नॅनोमीटरमधल्या पेशीएवढीच राहिली, तसूभरही आक्रसली नाही. त्यात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांनी मेमरीच्या किमती चढवल्या. कितीतरी पट ताकद आणि तीच किंमत, असं सांगणारी बातमी म्हणूनच पहिल्याच चाळणीत अडकते. सोनी आणि एएमडी यांनी मिळून मांडलेला मार्गही याच अडचणीतून निघालेला दिसतो: प्रत्येक ठिपका मोजत बसण्यापेक्षा न्यूरल नेटवर्ककडून चित्र पूर्ण करून घ्यायचं, प्रकाशकिरणांच्या हिशेबाला वेगळे गणक द्यायचे आणि मेमरीकडे जाणारी माहिती दाबून पाठवायची.

तारखेच्या वावड्यांना असा गुणाकार लागू पडत नाही, पण त्यांनाही एक खालची मर्यादा आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्नी यांनी सांगितलं की ही तंत्रं सध्या फक्त संगणकीय सिम्युलेशनमध्ये आहेत आणि काही वर्षांत ती पुढच्या कन्सोलमध्ये येतील. प्लेस्टेशन ५ बद्दल ते पहिल्यांदा जाहीरपणे बोलले एप्रिल २०१९ मध्ये. तेव्हा स्टुडिओंच्या हाती विकासाचे संच पोचलेले होते, तरी दुकानात यंत्र यायला आणखी १९ महिने लागले. सिम्युलेशनपासून त्या टप्प्यापर्यंत आराखडा, नमुना चिप, दुरुस्त्या, पुन्हा चिप एवढं सगळं व्हायचं असतं. त्यामुळे हे सगळं घेऊन नवं प्लेस्टेशन २०२६ मध्ये येणार, असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तरी मी ते मनावर घेणार नाही. २०२७ ची अखेर म्हटलं तर ओढाताण होईल, पण ती बातमी बाद करण्यासारखी नाही.