फक्त अ‍ॅडमिनच लिहितील

2018 च्या जूनअखेरीस व्हॉट्सअ‍ॅपने ग्रुपसाठी नवी सोय दिली. अ‍ॅडमिन लिहितील, बाकीचे फक्त वाचतील. लगेच 1 जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारलं. अफवा मोबाईलवरून फिरली होती. त्याच महिन्यात भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करण्याची मर्यादा आली.

बुलढाण्यातले ग्रुप मात्र धडाधड लॉक झालेले मी पाहिले ते 9 नोव्हेंबर 2019 ला, अयोध्येच्या निकालाच्या दिवशी. ते योग्यच होतं. मलकापूर-खामगावात उगीच पेटायला एक मेसेज पुरतो. पण निकाल शांततेत पार पडला, तरी कितीतरी ग्रुप पुन्हा उघडलेच नाहीत. अ‍ॅडमिनला धास्ती एकच: लिहिणार दुसरा आणि गुन्हा दाखल होणार आपल्यावर. ती धास्ती खोटी नव्हती. गोंदिया जिल्ह्यात एका अ‍ॅडमिनवर असा गुन्हा दाखल झालाही होता. 2021 मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो रद्द केला. आपला जिल्हाही याच खंडपीठाखाली येतो. आधीपासून संगनमत असल्याशिवाय सदस्याच्या पोस्टसाठी अ‍ॅडमिन दोषी ठरत नाही, असं न्यायालयाने स्पष्ट केलं. पुढे 2022 मध्ये कुणाचाही मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करायची सोयही अ‍ॅडमिनच्या हाती आली. म्हणजे एकाच्या मेसेजपायी सगळ्यांना गप्प बसवायची गरज उरली नाही. तरी गावोगावचे ग्रुप बंदच. त्यावर ग्रामपंचायतीची करवसुलीची नोटीस येते, वाढदिवसाचे बॅनर येतात, आणि आठ दिवस नळ न आलेल्या बाईला तिथे एक ओळ लिहिता येत नाही. याची मला चीड येते.

उघड्या ग्रुपचा धोका मी नाकारत नाही. जानेवारी 2025 मध्ये शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत माणसांचे केस पुंजक्यांनी गळू लागले, काही दिवसांत टक्कल पडू लागलं. ‘टक्कल व्हायरस’ हे नाव फोनाफोनी पसरलं. लोक त्या गावांत जायला बिचकू लागले, सोयरिकी अडल्याच्या बातम्या आल्या. कुणी शाम्पूला दोष दिला, कुणी पाण्याला. आयसीएमआरचं पथक येऊन नमुने घेऊन गेलं. नंतर डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं.

व्हायरसची ती अफवा खोडायला अ‍ॅडमिनची दोन बोटं पुरली असती. पण कुठल्या घरात केस गळतायत, रेशनचा गहू कुणी खाल्ला, कुणी नाही, हे सांगणारी माणसं अ‍ॅडमिन नव्हती. ती बाकीच्यांतली होती. अशा गावांचे ग्रुप अगोदर उघडा, आणि डिलीटचं बटण हाताशी ठेवा.