विश्लेषण : ‘४८ मेगापिक्सेल’चा कॅमेरा सहा हजारांत कसा मिळतो? खोक्यावरच्या आकड्यामागे काय असतं?

माझ्या मावसबहिणीने आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनासाठी कॅमेरा मागवला. ऑनलाइन सेल सुरू होता, किंमत ६,४९९ रुपये आणि वर ठळक अक्षरांत ‘४८ मेगापिक्सेल, ४के व्हिडिओ, १६ पट झूम’. तिच्या फोनवरही ५० मेगापिक्सेल लिहिलंय, पण ‘कॅमेरा तो कॅमेरा’ असं तिचं म्हणणं. कार्यक्रम संध्याकाळी होता. ८१ दिव्यांनी ओवाळताना हॉलमधल्या ट्यूबलाइट मुद्दाम बंद केल्या होत्या. रात्री घरी येऊन फोटो लॅपटॉपवर उघडले, तर दिव्यांच्या जागी पिवळे गोळे आणि आजोबांचा चेहरा ओल्या कागदावर रंग पसरावा तसा. एका फोटोत ओवाळणारी नेमकी कोण आहे, आत्या की मावशी, हेही कळेना.

सहस्रचंद्रदर्शन दुसऱ्यांदा होत नाही. त्यामुळे कॅमेरा माझ्याकडे आला तो ‘तू इंजिनीअर आहेस ना, बघ याला काय झालंय’ असा आदेश घेऊनच. त्याला काहीही झालेलं नव्हतं. तो जसा बनवला होता तसाच चालत होता.

४८ मेगापिक्सेल येतात कुठून?

मेगापिक्सेल म्हणजे फोटोतल्या ठिपक्यांची संख्या, दहा लाखांत मोजलेली. ८,००० आडवे आणि ६,००० उभे ठिपके म्हणजे ४८ मेगापिक्सेल. प्रश्न असा, की हे ठिपके प्रकाश मोजून आले की नंतर भरले गेले? बहिणीच्या कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकात शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत सेन्सर ८ मेगापिक्सेलचा असल्याचं लिहिलं होतं. उरलेले ४० मेगापिक्सेल कॅमेऱ्यातल्या चिपने अंदाजाने भरले होते. दर सहा ठिपक्यांमागे एक मोजलेला, पाच हिशोबाने मांडलेले.

याला इंटरपोलेशन म्हणतात. इंजिनीअरिंगला हा शब्द गणिताच्या पेपरात भेटला होता, तेव्हा तो असा घरात येईल असं वाटलं नव्हतं. शेजारच्या दोन ठिपक्यांच्या किमती पाहून मधल्याची किंमत ठरवायची, एवढंच ते गणित. पाहुणे वाढले की आमटीत पाणी घालतात, तसं. वाट्या भरतात, डाळ तेवढीच राहते. फाइल मोठी होते, फोटो झूम केला की चेहरा मात्र ८ मेगापिक्सेलइतकाच, बऱ्याचदा त्याहून वाईट.

गंमत अशी, की फोन याच्या बरोबर उलट करतो. ५० मेगापिक्सेलचा फोन नेहमीच्या मोडमध्ये साधारण १२ मेगापिक्सेलचा फोटो देतो, कारण तो शेजारचे चार ठिपके एकत्र करून एक, पण जास्त खात्रीचा ठिपका बनवतो. म्हणजे एक यंत्र ५० मोजून १२ देतं आणि दुसरं ८ मोजून ४८. खोक्यावर मात्र दोन्ही आकडे सारखेच दिसतात.

आणि गरज किती असते? भिंतीवर लावायचा ८ बाय १२ इंचांचा फोटो स्टुडिओत ३०० डीपीआयने छापला, तर २,४०० गुणिले ३,६०० ठिपके लागतात. हे झाले ८.६४ मेगापिक्सेल. १२ खरे मेगापिक्सेल घरच्या कुठल्याही फ्रेमला पुरतात.

मग फोटो बिघडतो कशामुळे?

प्रकाश कमी पडल्यामुळे. सेन्सर म्हणजे लेन्समागचा प्रकाश झेलणारा तुकडा. पावसात अंगणात वाटी ठेवली आणि परात ठेवली, तर एका मिनिटात पाणी कशात जास्त साठेल, तोच हिशोब इथे लागतो. साध्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यात बहुधा १/२.३ इंच प्रकारचा सेन्सर असतो, क्षेत्रफळ जेमतेम २८ चौरस मिलिमीटर. सुरुवातीच्या किमतीच्या डीएसएलआर आणि मिररलेस कॅमेऱ्यांत एपीएस-सी सेन्सर असतो, तो ब्रँडनुसार ३३० ते ३७० चौरस मिलिमीटर. म्हणजे बारा-तेरापट मोठी परात. फुल फ्रेम ३६ बाय २४ मिलिमीटर, म्हणजे ८६४. बहिणीच्या कॅमेऱ्याच्या कागदावर सेन्सरचा आकारच नव्हता. सेन्सरचा आकार लिहिलेलाच नसेल, तर मी ते पान बंद करतो.

दिव्यांच्या उजेडात लहान सेन्सरपुढे दोनच मार्ग असतात. शटर जास्त वेळ उघडं ठेवायचं, मग हात हलतो, ओवाळणारीचा हातही हलतो आणि फोटो फराटतो. नाहीतर मिळालेला क्षीण सिग्नल आयएसओ वाढवून फुगवायचा, मग दाणे येतात आणि ते लपवायला कॅमेरा सगळं गुळगुळीत करून टाकतो. ओल्या कागदावरचा तो रंग यातूनच आला.

जाता जाता, ‘१ इंच सेन्सर’ हे नावही फसवं आहे. तो प्रत्यक्षात १३.२ बाय ८.८ मिलिमीटर असतो, कर्ण सुमारे १६ मिलिमीटर. जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांतल्या काचेच्या नळीच्या बाहेरच्या व्यासावरून मोजायची ही पद्धत, नळ्या गेल्या तरी राहिली. तरीही १ इंचाचा सेन्सर १/२.३ इंचापेक्षा क्षेत्रफळाने चौपट आहे, त्यामुळे नाव खोटं असलं तरी फरक खरा आहे.

असे कॅमेरे बाजारात आले कसे?

जपानमधल्या कॅमेरा उत्पादकांच्या ‘सीपा’ या संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१० मध्ये जगभर १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे दुकानांकडे रवाना झाले. २०२३ मध्ये हा आकडा सुमारे ७७ लाख होता. फोनने स्वस्त कॉम्पॅक्ट कॅमेरा संपवला. नामांकित कंपन्या त्या किमतीतून बहुतांश बाहेर पडल्या आणि महाग मिररलेसकडे वळल्या. मग गेल्या काही वर्षांत तरुण मुलांमध्ये जुन्या ‘डिजिकॅम’ची हौस परत आली. मागणी आहे आणि ओळखीचा ब्रँड नाही, या रिकाम्या जागेत नाव नसलेले कॅमेरे शिरले.

फोन असताना कॅमेरा घ्यावा का?

माझं मत विचाराल तर बहुतेक घरांनी घेऊ नये. महागड्या फोनमधला मुख्य सेन्सर १/१.३ इंच प्रकारचा असतो, म्हणजे सुमारे ७० चौरस मिलिमीटर. साध्या कॉम्पॅक्टच्या अडीचपट. मध्यम किमतीच्या फोनचा सेन्सरही साध्या कॉम्पॅक्टच्या बरोबरीचा किंवा मोठा असतो, शिवाय फोन एका क्लिकमागे अनेक फोटो घेऊन ते जोडतो. त्यामुळे सहा हजार काय, पंधरा हजारांचा कॅमेराही संध्याकाळच्या हॉलमध्ये फोनपुढे हरू शकतो.

कॅमेऱ्याला अर्थ आहे तो ठरावीक कामांसाठी. पक्षी टिपायचे असतील, मुलाची क्रिकेटची मॅच सीमारेषेबाहेरून काढायची असेल, तर ऑप्टिकल झूम हवा. तो लेन्स हलवून होतो. डिजिटल झूम म्हणजे फोटो कापून मोठा करणं, बहिणीच्या ‘१६ पट’चा अर्थ तोच होता. घरातल्या कार्यक्रमांना, नाटकाला, लहान मुलांच्या धावपळीला मोठा सेन्सर हवा. यातलं काही करायचं नसेल, तर तेच पैसे पुढच्या फोनमध्ये घाला.

घ्यायचाच ठरला तर पैसे कुठे घालावेत?

बॉडीपेक्षा लेन्समध्ये. कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या १८-५५ मिलिमीटर लेन्सवर एफ/३.५-५.६ असं लिहिलेलं असतं. तो एफचा आकडा जितका लहान, तितकी लेन्सची खिडकी मोठी. झूम पूर्ण बाहेर काढला की ही लेन्स एफ/५.६ वर येते. त्याऐवजी ५० मिलिमीटर एफ/१.८ लावली, तर जवळपास दहापट प्रकाश आत येतो. ही लेन्स बहुतेक ब्रँडच्या सर्वांत स्वस्त लेन्सपैकी एक असते. एकच अडचण आहे. एपीएस-सी कॅमेऱ्यावर ती जवळचं चित्र पकडते. वन बीएचकेच्या हॉलमध्ये पाच जण एका फ्रेममध्ये घ्यायला भिंतीत शिरावं लागेल. घरात वापरायची तर ३५ मिलिमीटर किंवा त्याहून कमीची बघा.

कॅमेरा घेतला की लेन्सच्या जोडाचा प्रकारही घेतला जातो. एका ब्रँडच्या लेन्स दुसऱ्याला सहज बसत नाहीत, म्हणून आज बॉडीत वाचवलेले दोन हजार उद्या लेन्स शोधताना जातात. भावाकडे, मित्राकडे ज्या ब्रँडच्या लेन्स आहेत तो ब्रँड घेणं हा सर्वांत कमी सांगितला जाणारा आणि सर्वांत उपयोगी सल्ला आहे.

सेकंड हँड डीएसएलआर हा पर्याय वाईट नाही. नवी मॉडेल आता बहुतांश मिररलेस येतात, त्यामुळे चांगले डीएसएलआर स्वस्तात निघतात. मुंबईत बोरा बझारच्या गल्ल्यांत हातात घेऊन बघता येतात. आधी शटर काउंट विचारा, सुरुवातीच्या किमतीच्या बॉडीचं शटर साधारण एक लाख क्लिकचं धरलं जातं. मग मोबाइलचा टॉर्च लेन्सच्या मागून मारून काचेत बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी आहे. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या लेन्सना हे हमखास होतं, आणि साफ करायचा खर्च कधी कधी लेन्सच्या किमतीला भिडतो. नवी लेन्सही जून ते सप्टेंबर घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवावी. हवाबंद धान्याचा डबा चालतो, आमच्याकडे तोच आहे.

काही दुकानांत बिलासह आणि बिलाशिवाय असे दोन भाव सांगितले जातात. बिलाशिवायच्या नव्या कॅमेऱ्याला कंपनीची वॉरंटी मिळवायला गेलात, की पहिला प्रश्न बिलाचाच येतो. मेमरी कार्डही कॅमेऱ्याच्याच गांभीर्याने घ्या. ४के व्हिडिओसाठी कार्डावर व्ही३० खूण बघा, म्हणजे सेकंदाला किमान ३० एमबी लिहिण्याची हमी. स्वस्त ‘१ टीबी’ कार्डांत खरी जागा ३२ जीबीही निघते, आणि ते कळतं ते ट्रिपवरून आल्यावर.

टीव्ही, एसी, पॉवर बँकेत हेच असतं का?

हो. आपल्या पिढीच्या आधी ते स्पीकरमध्ये होतं. टेपरेकॉर्डरवर ‘१,००० वॅट पीएमपीओ’ लिहिलेलं अनेकांना आठवत असेल. पीएमपीओला सर्वमान्य मापच नव्हतं, खरा आकडा आरएमएस, आणि तो कधी कधी दहा-वीस वॅट असायचा.

आता तीच जागा ‘सपोर्ट’ या शब्दाने घेतली आहे. स्वस्त प्रोजेक्टरवर ‘४के सपोर्ट’ असतं, म्हणजे ४के चित्र तो स्वीकारतो. भिंतीवर टाकतो ते त्याच्या नेटिव्ह रिझोल्युशनने, आणि ते अनेकदा ७२० ओळींचं निघतं. टीव्हीच्या ‘एचडीआर सपोर्ट’चंही तेच, पडदा पुरेसा उजळ नसेल तर एचडीआर नावापुरता. तिथे निट्सचा आकडा विचारावा. १०,००० एमएएचच्या पॉवर बँकेचा आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या बॅटरीचा असतो. फोनला मिळणारा ‘रेटेड’ आकडा मागच्या बाजूला छापलेला असतो, आणि तो बऱ्यापैकी कमी असतो.

एसीला तारे मोजू नका, लेबलवरची वार्षिक युनिट वाचा. ती १,६०० तासांच्या वापरावर काढलेली असतात. दोन मॉडेलमधल्या युनिटच्या फरकाला तुमच्या वीजबिलातल्या दराने गुणलं, की महाग एसी किती वर्षांत वसूल होतो ते कागदावर दिसतं. लेबलवरचं वर्षही बघा. जुलै २०२२ मध्ये निकष कडक झाले तेव्हा अनेक ‘फाइव्ह स्टार’ एसी एका रात्रीत फोर स्टार झाले होते, यंत्र तेच होतं.

वस्तू सांगितल्यासारखी नसेल तर काय करावं?

बहिणीला विक्रेत्याने आधी ‘सात दिवसांची मुदत संपली’ असं कळवलं. पण ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार वस्तूची वैशिष्ट्यं जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नसतील, तर विक्रेत्याला ती परत घ्यायला नकार देता येत नाही. तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात करणं बंधनकारक आहे. तिने माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानाचा फोटो, जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि या नियमाचा उल्लेख अशी एक मेल केली, सोबत १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद. स्क्रीनशॉट मी घ्यायला लावला होता, कारण अशा जाहिराती नंतर बदलतात. त्यानेही झालं नसतं, तर जिल्हा ग्राहक आयोगात राहत्या ठिकाणाहून तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही.

मागवण्याआधी दोन मिनिटं असतील, तर पानावर आयातदाराचं नाव आणि ‘कंट्री ऑफ ओरिजिन’ आहे का बघा. चार्जरवर आरने सुरू होणारा बीआयएस नोंदणी क्रमांक असतो, तो ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकला की कुणाच्या नावावर आहे ते कळतं. बहिणीच्या चार्जरवर क्रमांकच नव्हता.

पैसे तीन आठवड्यांनी परत आले. दिवाणखान्यात लावलेला आजोबांचा ८ बाय १२चा फोटो शेजारच्या काकूंच्या दोन वर्षं जुन्या फोनमधला आहे. व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून मागवला, नाहीतर तोही वाटेत लहान झाला असता.