तल्लीनता

तल्लीनता : (प्रवाहावस्था). हाती घेतलेल्या कार्यात अवधान संपूर्णपणे गुंतल्यामुळे निर्माण होणारी मानसिक अवस्था. ह्या अवस्थेत व्यक्तीची आत्मजाणीव क्षीण होते, काळाचे भान बदलते आणि कार्य व कर्ता ह्यांतील अंतर तेवढ्यापुरते नाहीसे होते. ‘भान हरपणे’, ‘लय सापडणे’ ह्यांसारखे मराठी वाक्प्रचार ह्या अनुभवाच्या निरनिराळ्या अंगांचे निदर्शक आहेत. तंद्री आणि तल्लीनता ह्यांत मात्र भेद केला पाहिजे. तंद्रीत अवधान सैल पडलेले असते, तर तल्लीनतेत ते तीव्र व एकाग्र असते. पतंजलींच्या योगसूत्रांत वर्णिलेल्या धारणा, ध्यान व समाधी ह्या क्रमाशी तिचे साम्य असले, तरी समाधीत वृत्तींचा निरोध अभिप्रेत आहे; तल्लीनतेत कृती अखंड चालू राहते.

संकल्पनेचा विकास : ह्या अवस्थेचा पद्धतशीर अभ्यास हंगेरियन-अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मिहाय चिक्सेंटमिहाय (१९३४–२०२१) ह्यांनी केला. गिर्यारोहक, बुद्धिबळपटू, शल्यविशारद, नर्तक इत्यादींच्या मुलाखतींवर आधारलेला त्यांचा ग्रंथ १९७५ मध्ये प्रसिद्ध झाला. आपण जणू एखाद्या प्रवाहाबरोबर वाहत जातो, असे वर्णन अनेकांनी केल्यामुळे ‘प्रवाह’ ही संज्ञा रूढ झाली. पुढे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक नवी पद्धत वापरली. सहभागी व्यक्तींकडे संकेत देणारे छोटे उपकरण दिले जाई आणि दिवसातून अनेकदा, अनपेक्षित वेळी संकेत मिळताच आपण काय करीत आहोत व मनःस्थिती कशी आहे, ह्याची नोंद त्यांनी करावयाची असे.

आवश्यक अटी : तल्लीनता केवळ इच्छेने आणता येत नाही, तथापि तिला अनुकूल अशा अटी निर्माण करता येतात. त्यांतील प्रमुख अटी तीन आहेत : (१) पुढच्या क्षणी काय करावयाचे ह्याची स्पष्टता, (२) केलेले बरोबर की चूक हे तत्काळ कळणे आणि (३) कार्याचे आव्हान व कर्त्याचे कौशल्य ह्यांचा समतोल. आव्हान कौशल्यापेक्षा फार मोठे असल्यास चिंता उद्‌भवते. कौशल्य आव्हानापेक्षा फार अधिक असल्यास कंटाळा येतो. सरावाने कौशल्य वाढत असल्यामुळे हा समतोल स्थिर राहत नाही व तो टिकविण्यासाठी आव्हानही वाढवावे लागते. तल्लीनता व व्यक्तीचा विकास ह्यांचा संबंध येथे आहे.

रियाजातील तल्लीनता : हिंदुस्थानी संगीताच्या रियाजात ह्या तिन्ही अटी पूर्ण झालेल्या दिसतात. तंबोऱ्याचा अखंड षड्‌ज हा गायकाचा सततचा परीक्षक असतो. स्वर किंचित ढळला तरी तो लगेच कानाला खटकतो. रागाचे नियम व बंदिशीचा आराखडा ह्यांमुळे मार्ग निश्चित होतो. त्रितालाच्या सोळा मात्रांचे आवर्तन पूर्ण होताच समेवर येणे, ही प्रत्येक आवर्तनाला द्यावी लागणारी परीक्षा होय. आव्हान क्रमाने वाढविण्याची सोयही तालमीत असते. मोगूबाई कुर्डीकर (१९०४–२००१) शिकविताना स्थायी-अंतरा दोन-तीनदाच गात, असे त्यांच्या कन्या व शिष्या किशोरी आमोणकर (१९३२–२०१७) सांगत. शिष्येचे अवधान जराही न ढळण्याची सक्तीच त्यात होती. मैफलीत सहज वाटणारी तल्लीनता अशा दीर्घ व पुष्कळदा नीरस सरावावर उभी असते.

सर्जनशीलतेशी संबंध : तल्लीन होऊन केलेले प्रत्येक काम नवनिर्मिती करतेच असे नाही. ग्रॅहॅम वॉलस ह्यांनी १९२६ मध्ये सर्जनप्रक्रियेचे तयारी, परिपक्वन, स्फुरण व पडताळणी असे चार टप्पे सांगितले. त्यांतील परिपक्वनाच्या काळात मन प्रश्नापासून दूर गेलेले असते. जेकब गेट्‌झेल्स व चिक्सेंटमिहाय ह्यांनी शिकागो येथील कलाविद्यार्थ्यांना काही वस्तू देऊन त्यांतून स्थिरवस्तुचित्र काढण्यास सांगितले. ज्यांनी अधिक वस्तू हाताळल्या आणि चित्र काढतानाही मांडणीचा फेरविचार केला, त्यांची चित्रे अधिक मौलिक ठरली (१९७६). प्रश्न सोडविण्याइतकेच प्रश्न शोधणे महत्त्वाचे असते, हे ह्यावरून दिसून आले. म्हणून रिकामा वेळ, भटकंती व चुकण्याची मुभा ही सर्जनशील जीवनाची अंगेच मानावी लागतात.

उपजीविकेच्या कामातील तल्लीनता : १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणीत आव्हान व कौशल्य दोन्ही सरासरीहून अधिक असल्याचे क्षण कामाच्या वेळी सु. ५४ टक्के, तर फुरसतीत सु. १८ टक्केच आढळले. तरीही कामावर असताना लोकांना आपण दुसरीकडे असावे असे वाटे. ह्या विसंगतीचे एक कारण असे, की काम हे बहुधा दुसऱ्याच्या इच्छेने केले जाते.

कामाची रचना तल्लीनतेला पोषक किंवा मारक कशी ठरते, हे मुंबईच्या अंधेरी ह्या उपनगरात चांगले पाहता येते; कारण भिन्न स्वरूपाचे व्यवसाय तेथे शेजारी शेजारी वाढले. येथील सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक निर्यात प्रक्रिया क्षेत्र (सीप्झ) १९७३ मध्ये स्थापन झाले व पुढे तेथे रत्ने-आभूषणांचा निर्यातव्यवसायही वाढला. जडावकाम करणारा कारागीर भिंगातून पाहत खडा कोंदणात बसवितो. ध्येय स्पष्ट असते आणि खडा नीट बसला की नाही, हे तत्क्षणी कळते. परंतु त्याच कामाचे तुकडे पाडून प्रत्येकाला एकच कृती नेमून दिली व वेग नगांच्या संख्येवर ठरविला, तर आव्हान संपते आणि उरतो तो केवळ ताण. चित्रपटव्यवसायाचे चित्र निराळे आहे. अंधेरीच्या मोहन स्टुडिओत ‘मुगल-ए-आझम’ (१९६०) ह्या चित्रपटासाठी उभारलेल्या शीशमहालात असंख्य आरशांवरून उसळणाऱ्या प्रकाशामुळे चित्रीकरण अशक्यप्राय झाले होते. छायाचित्रकार आर. डी. माथुर ह्यांनी दिव्यांचा झोत थेट न सोडता परावर्तित प्रकाश वापरून मार्ग काढला. आव्हान कौशल्याला थोडे ताणते तेव्हा नवी युक्ती जन्मते, ह्याचे हे उदाहरण होय. ह्याच व्यवसायात दीर्घ प्रतीक्षा व तुटक चित्रीकरण ह्यांमुळे नटाची एकाग्रता वारंवार भंग पावते. उलट संकलकाला आपण केलेल्या जोडणीचा परिणाम लगेच दिसत असल्याने तो तासन्‌तास गुंतून राहू शकतो.

अखंड वेळ हीही तल्लीनतेची एक पूर्वअट आहे. लोकलगाडीच्या प्रवासात दिवसाचे काही तास घालविणाऱ्या आणि एक-दोन खोल्यांच्या घरात राहणाऱ्या उपनगरवासीयाला असा वेळ मिळणे दुर्घट असते. घरकाम व नोकरी दोन्ही सांभाळणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत तर उरलेला वेळही तुकड्यातुकड्यांनीच हाती येतो. ह्या दृष्टीने तल्लीनता हा केवळ मनाच्या शिस्तीचा नव्हे, तर वेळेच्या वाटपाचाही प्रश्न ठरतो.

मर्यादा व आक्षेप : तल्लीनता स्वतः नीतिनिरपेक्ष आहे. जुगाराची यंत्रे व भ्रमणध्वनीवरील अनेक खेळ अवधान खिळवून ठेवण्याच्याच हेतूने रचलेले असतात. त्यांत वेळ जातो, पण कौशल्य वाढतेच असे नाही. वारकरी परंपरेतील दोन संतांच्या कथा ह्या संदर्भात लक्षणीय आहेत. नामस्मरणात दंग होऊन चिखल तुडविताना आपले मूल पायाखाली आल्याचे गोरा कुंभारांना कळले नाही, अशी आख्यायिका आहे. तेथे चित्त हातच्या कामाहून अन्यत्र लागले होते. अरणच्या सावता माळ्यांनी मात्र मळ्यातील भाजीपाल्यातच विठ्ठल पाहिला. त्यांच्या ठिकाणी भक्ती आणि काम ही वेगळी राहिली नाहीत. कामातील तल्लीनतेचे स्वरूप दुसऱ्या कथेतून अधिक स्पष्ट होते.

दुसरा आक्षेप सामाजिक आहे. एकच कृती दिवसातून शेकडो वेळा करणाऱ्या एका अमेरिकन कामगाराने स्वतःचाच वेगाचा उच्चांक मोडण्याचा खेळ मांडून कामात गोडी निर्माण केली, असे उदाहरण चिक्सेंटमिहाय ह्यांनी दिले आहे. व्यक्तीचे सामर्थ्य त्यातून दिसते. तथापि नीरस काम रसपूर्ण करण्याची जबाबदारी सर्वस्वी कामगारावर टाकून कामाची रचना बदलण्याचे टाळण्यासाठीही अशा उदाहरणाचा उपयोग होऊ शकतो. कामाची विभागणी, वेग व निर्णय ह्यांत करणाऱ्याला काही वाटा मिळाला, तरच व्यक्तीच्या प्रयत्नाला अर्थ राहतो. अशा परिस्थितीत नियत वेळी एकच काम हाती घेणे, त्याचे लहान व स्पष्ट टप्पे पाडणे, चूक लवकर कळेल अशी योजना करणे आणि सोपे झालेले काम किंचित अवघड करीत नेणे, हे उपाय कोणालाही करता येण्याजोगे आहेत.