काय म्हणाला तो?

सीन नेहमीचाच. रात्रीचे साडेनऊ, पाथर्डी फाट्यावरचा आमचा टू बीएचके. बाबा सोफ्यावर, हातात रिमोट, व्हॉल्यूम ३८. हीरो हीरॉइनच्या कानाशी काहीतरी पुटपुटतो. बाबा विचारतात, ‘‘काय म्हणाला तो?’’ मी सांगेपर्यंत पुढचं वाक्य निघून जातं. मग व्हॉल्यूम ४४. तेवढ्यात जाहिरात लागते आणि कुठला साबण वापरायचा ते अख्ख्या मजल्याला कळतं. आई किचनमधून ओरडते, ‘‘अहो, कमी करा तो!’’ (केबल टीव्हीच्या १९९४च्या नियमांत जाहिरात अति ‘लाउड’ नसावी असं चक्क लिहिलेलं आहे. वाचून छान वाटतं.)

तुमच्या घरीही हेच चालत असेल तर आधी एक दिलासा देते: दोष नेहमी कानांचा नसतो. माझे कान ठणठणीत आहेत, तरी वेब सीरिजमधले अर्धे डायलॉग माझ्याही डोक्यावरून जातात.

जुना डबा टीव्ही आठवा. कपाटाएवढा, पण स्पीकर तुमच्याकडे तोंड करून. आताचा टीव्ही भिंतीवर टांगलेल्या फोटोसारखा चपटा. पुढे नुसती स्क्रीन, त्यामुळे स्पीकर गेला खाली नाहीतर मागे. म्हणजे पात्र बोलतं तुमच्याशी आणि आवाज जातो भिंतीशी! तिथून तो आपल्या हॉलमध्ये येतो. हॉल कसा? खाली व्हिट्रिफाइड टाइल्स, एका बाजूला काचेचा स्लायडिंग दरवाजा, भिंती मोकळ्या. फोटोत मस्त दिसतं, पण आवाज इकडून तिकडे आपटत राहतो आणि शब्दांच्या कडा पुसल्या जातात.

मोठ्याने म्हणून बघा: साप, ताप, थाप, छाप. चारही शब्दांतलं ‘आप’ दणदणीत ऐकू येतं. अर्थ मात्र पहिल्या अक्षरात आहे, आणि ते बिचारं बारीक, क्षणभरच वाजणारं. व्हॉल्यूम वाढवला की ‘आप’ही वाढतं, मागचं म्युझिकही वाढतं, आणि साप होता की ताप हा प्रश्न तसाच राहतो. त्यात डोक्यावर पाच नंबरवर पंखा.

सिनेमाचं दुखणं आणखी वेगळं. थिएटरसाठी आवाज ‘फाइव्ह पॉइंट वन’मध्ये बनतो. पाच दिशांचे पाच स्पीकर, वर एक धडामधुडुमसाठी. डायलॉग बहुतेक पडद्यामागच्या मधल्या स्पीकरमधून येतात. घरच्या टीव्हीला स्पीकर दोन. मग या सगळ्याचा काला होऊन त्या दोनांतून बाहेर पडतो. थिएटरमध्ये कुजबुज आणि स्फोट यांच्यात जे अंतर ठेवलेलं असतं, ते घरात झेपत नाही. म्हणून कुजबुजीला आवाज वाढवा, स्फोटाला कमी करा, असा रिमोटचा व्यायाम.

मी थेट साउंडबार घ्यायला निघाले होते. दुकानातल्या मुलाने असं काही गाणं लावलं की काउंटरवरचे पेन नाचले. मी म्हटलं, दादा, बातम्या लावून दाखवा ना, किंवा एखादी मालिका. तो माझ्याकडे बघतच राहिला. तर तुम्हीही हेच करा. धडधड नका ऐकू, माणसं बोलताना ऐका. खोक्यावर २.१ लिहिलं असेल तर डावा, उजवा आणि बेस, एवढंच. ३.१ असेल तर मधे डायलॉगसाठी वेगळा स्पीकर असतो. आपल्याला हवा तो हा! बेसने घर हादरतं, डायलॉग कळत नाहीत.

मी मात्र रिकाम्या हाताने परतले, कारण फुकटातलं काहीच करून पाहिलं नव्हतं. रविवारी रिमोट घेऊन बसले. साउंडच्या मेन्यूत एलजीवाल्यांचं ‘क्लिअर व्हॉइस’ असतं, सॅमसंगवाल्यांचं ‘अ‍ॅम्प्लिफाय’. आमच्या घरी टीव्ही आल्यापासून ते बंदच होतं. ‘ऑटो व्हॉल्यूम’ किंवा ‘नाइट मोड’ लावला की स्फोट खाली येतात, कुजबुज वर येते. अ‍ॅपमध्ये ऑडिओच्या यादीत ५.१ निवडलेलं असेल तर साधं स्टिरिओ करून पाहा. प्राइम व्हिडिओने २०२३मध्ये निवडक कार्यक्रमांना ‘डायलॉग बूस्ट’ दिला, तोही तिथेच सापडतो. मग काचेवर जाड पडदा, खाली आजीची सतरंजी, पंखा तीनवर, आणि सोफा भिंतीपासून ओढून टीव्हीच्या चार फूट जवळ. हॉलची शोभा गेली खरी, आईने दोन दिवस नाक मुरडलं. पण आई आणि मी २२वर सगळं ऐकू लागलो. मी स्वतःची पाठ थोपटून घेतली.

बाबांचा आकडा फक्त ३६वर आला.

आणि मग एक गोष्ट लक्षात आली, जी आधीच यायला हवी होती. आम्ही दोघी नसलो की बाबा क्रिकेट लावायचे. नाहीतर बातम्या, जिथे माणूस समोर तोंड करून बोलतो आणि खाली पट्टी पळत असते. मालिका त्यांनी कधीच सोडल्या होत्या. विचारलं तर म्हणायचे, ‘‘काय असतं त्यात! तेच तेच.’’ आम्हाला वाटलं, रिटायर झाल्यावर आवडी बदलतात. पूर्वी कालिदास कलामंदिरात नवीन नाटक लागलं की तिकिटं हेच काढून आणायचे. गेली दोन वर्षं गुडघे दुखतात म्हणून येत नाहीत. मी आईला विचारलं, गुडघ्यांचं औषध कुठलं चालू आहे? आई म्हणाली, ‘‘कुठलंच नाही. रोज पांडवलेणीची अर्धी चढण चढून येतात की!’’

बाबांनी तीस वर्षं एका कंपनीच्या प्रेस शॉपमध्ये काढली. पत्र्यावर दिवसभर धाड-धाड. त्या पिढीत कानात बोळे घालणं म्हणजे नाटकं. सततच्या आवाजाने कान जातो तेव्हा साधारण ४००० हर्ट्झच्या आसपास आधी मार बसतो. वयोमानानेही वरच्याच पट्ट्या आधी जातात. म्हणजे नेमका त्या साप-तापमधल्या पहिल्या अक्षरांचाच मुलूख. कारखान्यातल्या आवाजाने आलेला बहिरेपणा फॅक्टरीज अ‍ॅक्टच्या व्यावसायिक रोगांच्या यादीत होता. घरात मात्र त्याचं नाव ‘यांचं लक्षच नसतं’ असं होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या अहवालाप्रमाणे साठीच्या पुढच्या दर चार माणसांमागे एकापेक्षा जास्त जणांना त्रासदायक पातळीचं कमी ऐकू येतं. तुमच्या टीममधल्या किती जणांचे आई-बाबा साठीत आहेत, मोजा.

ऑडिओलॉजिस्ट मॅडमनी बाबांना काचेच्या खोलीत बसवलं. आलेल्या ग्राफची रेघ निम्म्यापर्यंत सरळ होती आणि मग घाटातून बस उतरावी तशी खाली. एक कोडंही सुटलं. बाबा आधी म्हणतात ‘ऐकू येत नाही’ आणि आपण मोठ्याने बोललो की ‘ओरडतेस कशाला!’ हा हेकटपणा नाही. अशा कानाला हळू आवाज पोचत नाही आणि मोठा आवाज एकदम टोचतो, मधली जागाच अरुंद झालेली असते. मी इतकी वर्षं या वाक्यावरून भांडले आहे.

मशीन लावायला बाबांना चार महिने लागले. चष्मा विशीपासून आहे, त्याची लाज नाही, पण कानात काही म्हणजे ‘म्हातारा झालो’. तोवर आम्ही सबटायटल्स लावली. आमच्या घराजवळच पांडवलेणीच्या पायथ्याशी फाळके स्मारक आहे. दादासाहेबांच्या १९१३च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये माणसं बोलत नव्हती, पाट्या वाचूनच गोष्ट कळायची. बाबांना मी तेच ऐकवलं, ‘‘तुम्ही नाशिककर ना? मग वाचा!’’ माहिती व प्रसारण मंत्रालयाने कर्णबधिरांसाठी टीव्ही कार्यक्रमांचे निकष २०१९मध्ये काढले, तरी मराठी मालिकेखाली मराठी अक्षरं क्वचितच दिसतात. म्हणून हिंदी सिनेमा आणि इंग्रजी सबटायटल्स, असं आमचं चाललं.

आता मशीन आहे. टीव्ही २४वर असतो, साउंडबार अजून घेतलेला नाही. गेल्या महिन्यात कालिदासला नाटक पाहिलं, तिसऱ्या रांगेत. मध्यंतरात बाबांनी मला दुसऱ्या प्रवेशातला एक विनोद समजावून सांगितला, जो मला कळला नव्हता.

नवीन तक्रारी मात्र सुरू झाल्या आहेत. आई भांडी फार आपटते, पेपरची घडी घालताना किती कर्कश आवाज होतो, आणि मी म्हणे घरात चपला फरफटत चालते.