शेवटची जागा

कोणत्याहि संघाची यादी करावयास बसलें म्हणजे पहिलीं नांवें कागदावर भराभर उतरतात. त्यांविषयीं फारसा वाद होत नाहीं. खरी पंचाईत पडते ती शेवटच्या नांवापाशीं. तेथें दोन उमेदवार बहुधा तुल्यबळ असतात, जागा मात्र एकच असते. शाळेच्या बास्केटबॉल-संघाचा बारावा गडी निवडतांना व्यायामशिक्षकास जी चिंता पडते, तीच देशाचा संघ निवडणारांसहि पडते. बास्केटबॉलमध्यें मैदानावर पांच गडी व बाकावर सात. खेळ चालूं असतां ते पुनःपुन्हां बदलतां येतात व चुकलेली निवड थोडीफार सावरतां येते. कसोटी क्रिकेटमध्यें ती सोय नाहीं. डोक्यास मार बसल्यास बदली गडी घेण्याची मुभा २०१९ सालीं मिळाली. त्यापूर्वीं नाणेफेकीच्या वेळीं दिलेलीं अकरा नांवें म्हणजे पांच दिवसांचा शिलालेखच असे.

या शेवटच्या जागेचा एक धडा नागपूरकरांस आपल्याच अंगणांत, जामठ्याच्या मैदानावर, मिळालेला आहे. ६ फेब्रुवारी २०१० रोजीं तेथें भारत व दक्षिण आफ्रिका यांचा कसोटी सामना सुरू झाला. द्रविड व युवराजसिंग दुखापतींमुळें आधींच बाहेर होते. लक्ष्मणहि खेळण्याजोगा नव्हता. त्याची जागा रोहित शर्मा घेणार होता. रोहितचा जन्म नागपूरचाच. कसोटींतील त्याचें पदार्पणहि जन्मगांवींच व्हावयाचें होतें. परंतु त्याच सकाळीं, सामन्यापूर्वीं हातपाय मोकळे करण्यासाठीं फुटबॉल खेळतांना, त्याचा घोटा मुरगळला. बाकावर पाहावें तों एकहि फलंदाज शिल्लक नाहीं! शेवटीं राखीव यष्टीरक्षक वृद्धिमान साहा यास निव्वळ फलंदाज म्हणून उतरवावें लागलें. यष्टीमागें धोनी होताच. साहानें पहिल्या डावांत शून्य व दुसऱ्यांत ३६ धावा केल्या. हाशिम आमलाच्या नाबाद २५३ धावा व डेल स्टेन यानें पहिल्या डावांत ५१ धावांत घेतलेले ७ बळी यांपुढें सेहवाग व तेंडुलकर यांचीं शतकेंहि अपुरीं पडलीं. भारत एक डाव व ६ धावांनीं हरला.

पराभवाचें खापर साहाच्या माथीं फोडणें अन्यायाचें होईल. चूक झाली ती यादी करतांना. शेवटची जागा हें गुणवत्तेचें बक्षीस नव्हे. ती अडीअडचणीची तरतूद आहे. वर्षाची बेगमी करणारी गृहिणी घरांत सर्वांत चवदार पदार्थ कोणता हें पाहत नाहीं. ऐन पावसाळ्यांत कोणता डबा रिकामा पडेल हें पाहते. निवडणारांचीहि दृष्टि तशीच असावी. ‘या दोघांत श्रेष्ठ कोण?’ हा प्रश्न दुय्यम होय. ‘उद्यां कोण पडलें असतां आपलें अडेल, आणि त्या वेळीं या दोघांपैकीं कोण उपयोगी पडेल?’ हा प्रश्न पहिला.

याच मैदानावर नोव्हेंबर २००८ मध्यें ऑस्ट्रेलियानें असा विचार केला होता. स्टुअर्ट क्लार्क या कसलेल्या वेगवान गोलंदाजास वगळून त्यांनीं जेसन क्रेझा या नवख्या फिरकी गोलंदाजास घेतलें. याच क्रेझास हैदराबादच्या सराव-सामन्यांत १९९ धावा देऊन एकहि बळी मिळाला नव्हता! केवळ पूर्वकामगिरी पाहिली असती तर त्याचें नांवहि निघालें नसतें. नागपुरांत त्यानें दोन डावांत मिळून ३५८ धावा दिल्या, पण बळी घेतले बारा. तथापि सामना भारतानेंच १७२ धावांनीं जिंकला. निवड योग्य असूनहि हार होऊं शकते. म्हणून केवळ निकालावरून निवडणारांची पारख करूं नये, हेंहि यांत शिकण्यासारखें आहे.

आणि ज्याची संधि हुकते त्याचें काय? रोहितास पहिल्या कसोटीसाठीं नोव्हेंबर २०१३ पर्यंत थांबावें लागलें. कोलकात्यास त्यानें १७७ धावा काढल्या. फेब्रुवारी २०२३ मध्यें तो जामठ्यास आला तो कर्णधार म्हणून, आणि तेथें त्यानें १२० धावा केल्या. साहाची वाटहि सोपी नव्हती. दुसरा कसोटी सामना त्यास २०१२ सालीं मिळाला. २०१४ च्या अखेरीस धोनी कसोटींतून निवृत्त झाल्यावर त्याची जागा स्थिरावली, आणि पुढें त्याचे एकूण ४० कसोटी सामने झाले.

प्रत्येकाची कथा अशी गोड होत नाहीं, हें आम्ही जाणतों. आपल्या घरांतील मुलगा किंवा मुलगी संध्याकाळीं मैदानावरून मुकाट्यानें परत येते, यादींत नांव नसतें, आणि ताटावरचा घांस घशाखालीं उतरत नाहीं. अशा वेळीं ‘वशिल्यानें दुसऱ्यास घेतलें’ असें वडीलधाऱ्यांनीं, पुरावा नसतां, बोलूं नये. त्या एका वाक्यानें मुलाचा खेळावरचा विश्वास उडतो. ‘तूं वाईट खेळलास असें नाहीं, संघास या वेळीं काय कमी होतें, तें विचारून ये,’ असें सांगावें. निवडणारांनींहि भिंतीवर यादी चिकटवून निघून जाऊं नये. वगळलेल्यास जवळ बोलावून कारण सांगावें. जागा एकालाच देतां येते. कारण मात्र दोघांनाहि देतां येतें, आणि दुसऱ्याचा तो हक्कच आहे, असें आमचें मत आहे.